बॅटरी भरलेली, तरी इन्व्हर्टर ‘लो बॅटरी’ म्हणून बंद पडतो: कॅम्परमधल्या लहान इन्व्हर्टरचं समस्या निवारण

लक्षण असं. कॅम्परमध्ये, म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय केलेल्या गाडीत, १२ व्होल्टचा लहान इन्व्हर्टर बसवलेला आहे, ३०० ते १००० वॅटच्या दरम्यानचा. लॅपटॉप, मोबाइल, एखादा दिवा त्यावर दिवसभर बिनतक्रार चालतो. राइस कुकर किंवा मिक्सर लावला की काही सेकंदांत टीं-टीं सुरू होतं, लाल दिवा लागतो आणि वीज जाते. लोड काढला की थोड्या वेळाने सगळं पूर्ववत. मीटर लावून पाहावं तर बॅटरी १२.६ व्होल्ट, म्हणजे भरलेली. मग बॅटरी बदलली जाते, तीही चालली नाही तर इन्व्हर्टर बदलला जातो, आणि पुढच्या सहलीला पुन्हा तीच टीं-टीं.

बहुतेक वेळा दोष या दोन्हींत नसतो. तो त्यांच्या मधल्या दोन-अडीच मीटरमध्ये असतो: केबल, लग (केबलच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची कडी), फ्यूज होल्डर, बॉडीचा अर्थ (निगेटिव्हसाठी गाडीच्या पत्र्याला केलेली जोडणी). आणि तो न शोधता केलेल्या जुगाडांमुळे, म्हणजे मोठा फ्यूज घालणं, फ्यूजच्या जागी तार गुंडाळणं, जॉइंटवर टेप मारणं यांमुळे, गाडीला आग लागण्याची वेळ येते. म्हणून आधी मोजायचं, मग पाना हातात घ्यायचा.

इन्व्हर्टर नेमकं काय सांगतोय

इन्व्हर्टरला बॅटरी दिसत नाही. त्याला फक्त स्वतःच्या टर्मिनलवरचा व्होल्टेज कळतो. तो साधारण १०.५ ते ११ व्होल्टपर्यंत उतरला की अलार्म वाजतो, आणि १० ते १०.५ च्या आसपास तो स्वतःला बंद करतो. नेमके आकडे मॉडेलच्या पुस्तिकेत असतात. ‘लो बॅटरी’चा दिवा म्हणजे ‘माझ्या दारापर्यंत पुरेसा व्होल्टेज पोचत नाही’ एवढंच. तो वाटेत कुठे खाल्ला गेला हे त्याला ठाऊक नसतं.

१२ व्होल्टवर करंट किती मोठा असतो याचा अंदाज घरच्या वायरिंगची सवय असलेल्यांना पटकन येत नाही. ५०० वॅटचा राइस कुकर घरी २३० व्होल्टवर सव्वादोन अँपिअर घेतो. तोच कुकर इन्व्हर्टरवर लावला की बॅटरीकडून सुमारे ५० अँपिअर ओढले जातात. सोपा हिशेब: १२ व्होल्टच्या सिस्टीमवर वॅटला १० ने भागा, आलेला आकडा अँपिअर. इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारे १०-१५ टक्के त्यात जवळपास धरले जातात.

आता हे ५० अँपिअर ६ चौरस मिमीच्या केबलमधून अडीच मीटरवर नेले असं धरू. जाऊन-येऊन पाच मीटर. तांब्याचा रोध १ चौरस मिमीच्या तारेला मीटरमागे ०.०१७२ ओहम. म्हणजे ५० गुणिले ५ गुणिले ०.०१७२ भागिले ६: सुमारे ०.७ व्होल्ट नुसत्या केबलमध्ये गेले. दोन-तीन सामान्य दर्जाचे जॉइंट आणि स्वस्त फ्यूज होल्डर मिळून आणखी ०.३. शिशाची बॅटरी ५० अँपिअर ओढताना १२.६ वरून १२ च्या आसपास येते, त्यात वावगं काही नाही. बारामधून एक वजा केला की उरले ११. अलार्म वाजलाच.

इथे आणखी एक चक्र सुरू होतं. कुकरला लागणारे वॅट तेवढेच राहतात, त्यामुळे व्होल्टेज उतरला की इन्व्हर्टर जास्त करंट ओढतो. करंट वाढला की केबलमधली घट वाढते, मग व्होल्टेज अजून उतरतो. म्हणून अलार्मनंतर बंद पडायला फार वेळ लागत नाही.

मोजणी: लोड चालू असतानाच

लोड नसताना घेतलेल्या मापातून फक्त बॅटरी भरली आहे का ते कळतं, वाटेतला दोष कळत नाही. करंट वाहत नसेल तर कुजलेला जॉइंटसुद्धा पूर्ण १२.६ दाखवतो.

लोड स्थिर हवा. मिक्सर नको, त्याचा करंट क्षणाक्षणाला बदलतो. जुने १०० वॅटचे पिवळे बल्ब तीन-चार एकत्र, किंवा ५०० वॅटचा हॅलोजन उत्तम. इस्त्री चालते, पण थर्मोस्टॅटने ती कट होण्याआधी माप घ्यावं लागतं. साधा डिजिटल मल्टिमीटर डीसी २० व्होल्टच्या रेंजवर ठेवा. त्याच्या १० अँपिअरच्या भोकात प्रोब घालून हा करंट मोजायला जाऊ नका, मीटर जळेल. करंट पाहायचाच असेल तर डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर लागतो. वायरमनकडे असणारा साधा क्लॅम्प बहुधा फक्त एसी मोजतो.

१. चार्जिंग बंद करून दोन-तीन तासांनी, लोड नसताना, बॅटरीच्या दोन खांबांवर माप घ्या. शिशाच्या बॅटरीत १२.६ ते १२.८ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे आधी चार्ज करा. चार्जिंगनंतर लगेच १३ दिसतो तो वरवरचा असतो, त्यावर विसंबू नका. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी भरलेली असताना १३.३-१३.४ वर स्थिरावते, पण तिचा व्होल्टेज मधल्या मोठ्या टप्प्यात जवळपास सपाट असतो, त्यामुळे त्यावरून किती चार्ज उरलाय हे ओळखता येत नाही. तिथे बीएमएसचं (बॅटरीच्या आतलं, तिला सांभाळणारं सर्किट) ॲप किंवा शंट मीटर (आत-बाहेर जाणारा करंट मोजून उरलेला चार्ज दाखवणारा) पाहा.

२. लोड चालू करा. पुन्हा बॅटरीच्या खांबांवरच माप घ्या. प्रोबचं टोक खांबाला आवळलेल्या केबलच्या क्लॅम्पवर न टेकवता शिशाच्या खांबावर टेकवायचं.

३. लोड चालू ठेवून इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर माप घ्या.

४. दुसऱ्या आणि तिसऱ्या मापातला फरक म्हणजे वाटेत हरवलेला व्होल्टेज. पूर्ण लोडवर तो ०.३ ते ०.४ च्या आत हवा. त्याहून जास्त असेल तर दोष सापडला, आता फक्त जागा शोधायची आहे.

५. जागा शोधण्यासाठी लाल प्रोब बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर आणि काळा इन्व्हर्टरच्या पॉझिटिव्ह टर्मिनलवर ठेवा. मीटरवर दिसेल ती फक्त पॉझिटिव्ह बाजूची घट. तसंच निगेटिव्हचं करा. जी बाजू जास्त दाखवते तिच्यावर एकेक टप्पा तपासा: खांब ते क्लॅम्प, क्लॅम्प ते लग, लग ते केबलचं तांबं, फ्यूजच्या एका बोल्टपासून दुसऱ्यापर्यंत. चांगला जॉइंट ५० अँपिअरला ०.०५ व्होल्टच्याही खाली राहतो. एखाद्या जॉइंटवर ०.४ व्होल्ट दिसला तर तिथे २० वॅट उष्णता तयार होतेय. लहान सोल्डरिंग आयर्न जवळपास एवढ्याच वॅटवर तापतं. असा जॉइंट प्लायवूडच्या कपाटात टेपखाली बसला असेल तर पुढे काय होऊ शकतं ते वेगळं सांगायला नको.

ही पाच मापं दोन माणसांना वीस मिनिटांत घेता येतात. एकाने लोड सांभाळायचा, दुसऱ्याने प्रोब. अंगठी, कडं, घड्याळाचा धातूचा पट्टा काढून ठेवा, आणि पान्याच्या दांड्याला टेप गुंडाळा. बॅटरीच्या दोन टोकांमध्ये पडलेला पाना वितळायला वेळ घेत नाही.

घट केबलमध्ये असेल तर

इन्व्हर्टरबरोबर येणाऱ्या केबलकडे संशयाने पाहा. चिमट्यांची अर्धा-पाऊण मीटरची केबल तात्पुरत्या वापरासाठी असते. ती पुढे जोडून लांबवणं हा चुकीचा मार्ग. चिमटे तर कायमच्या फिटिंगमध्ये नकोतच, खाचखळग्यांच्या रस्त्यावर ते सरकतात.

बाजारात ‘स्क्वेअर एमएम’ सांगून शुद्ध तांब्याची, बारीक तारांची लवचिक केबल मागा. एका बाजूचं अंतर दोन मीटरपर्यंत असेल तर ३०० वॅटला १० चौरस मिमी, ६०० वॅटला १६, १००० वॅटला ३५. हजार वॅटचा इन्व्हर्टर बॅटरीपासून मीटर-दीड मीटरवर असेल तर २५ चालते. इन्व्हर्टर बॅटरीजवळ आणणं हा सगळ्यात स्वस्त इलाज. २३० व्होल्टची बाजू लांब न्यायला काही अडचण नाही, १२ व्होल्टची बाजू आखूड ठेवा.

एक फसवणूक ओळखायला हवी. जाडजूड, स्वस्त, लालभडक ‘बॅटरी केबल’ पुष्कळदा तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची असते. तिचा रोध शुद्ध तांब्याच्या दीडपटीहून अधिक, आणि ॲल्युमिनियम लगमध्ये दाबल्यावर काळाने ढिलं पडतं. एक तार ब्लेडने खरवडा. आतून चंदेरी निघाली तर ती केबल परत करा. मुंबईत लोहार चाळ, पुण्यात बुधवार पेठेत अस्सल माल मिळतो, पण खरवडून बघायची सवय तिथेही सोडू नये.

लगबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण बहुतेक घट इथेच सापडते. लग केबलच्या मापाची हवी. १६ च्या केबलला २५ ची लग घालून हातोडीने चेपली की वरून घट्ट दिसते, आत पोकळी राहते. हायड्रॉलिक क्रिम्पर भाड्याने मिळतो, बॅटरीवाल्याकडे किंवा पॅनेल बनवणाऱ्याकडे केबल नेऊन दाबून घेता येते. नुसती सोल्डर केलेली लग मोठ्या करंटला नको. जॉइंट तापला की कथील मऊ होतं. शिवाय ते तारांमध्ये वर चढून केबलचं टोक कडक करतं आणि गाडीच्या कंपनाने तारा तिथे तुटतात. दाबल्यावर हीट श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आवळून बसणारी नळी) चढवा. टर्मिनलवर बसवताना क्रम महत्त्वाचा: आधी टर्मिनलचा सपाट भाग, त्यावर थेट लग, मग साधा वॉशर, स्प्रिंग वॉशर आणि नट. टर्मिनल आणि लग यांच्या मध्ये स्टीलचा वॉशर आला तर सगळा करंट त्या वॉशरमधून जातो. ही चूक डोळ्यांना दिसत नाही, मापाला मात्र लगेच दिसते.

निगेटिव्ह बाजूला शॉर्टकट म्हणून गाडीच्या बॉडीचा वापर केला असेल, तर घट बहुधा तिथेच निघेल. रंगावर आवळलेला बोल्ट, आतून गंजलेला पत्रा, इंजिन आणि बॉडीमधली जुनी अर्थ पट्टी. कोकणातल्या खाऱ्या हवेत उभी राहणारी गाडी असेल तर हा संशय आधी घ्या. इन्व्हर्टरला निगेटिव्हची वेगळी केबल ओढा, पॉझिटिव्हच्याच जाडीची.

बॅटरीच्या खांबावर पांढरी-हिरवट बुरशी चढली असेल तर खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने धुवा, पण ते पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नका. वाळवून, घासून, आवळून मग वरून पेट्रोलियम जेली. जेली आधी लावून वर क्लॅम्प बसवू नये.

फ्यूज वाढवू नका

फ्यूज इन्व्हर्टरच्या रक्षणासाठी आहे असा समज आहे. तो केबलच्या रक्षणासाठी असतो. म्हणून त्याची जागा बॅटरीजवळ, पॉझिटिव्ह खांबापासून वीतभर अंतराच्या आत. इन्व्हर्टरच्या आत असलेले फ्यूज केबल बॉडीला घासून शॉर्ट झाली तर काहीच करू शकत नाहीत, कारण शॉर्टचा करंट त्यांच्यापर्यंत पोचतच नाही.

आकडा असा काढा: इन्व्हर्टरचा कमाल सतत करंट गुणिले १.२५, आणि तो केबलच्या क्षमतेपेक्षा कमी हवा. वर दिलेल्या केबलना ३०० वॅटसाठी ४० अँपिअर, ६०० साठी ८०, १००० साठी ३५ ची केबल असेल तर १५० आणि २५ ची असेल तर १२५. फ्यूज वारंवार उडत असेल तर लोड जास्त आहे किंवा फ्यूज होल्डर तापतोय. ढिल्या होल्डरमध्ये योग्य मापाचा फ्यूजही उष्णतेने उडतो.

लिथियम बॅटरी असेल तर शॉर्ट सर्किटला येणारा करंट हजारो अँपिअरचा असू शकतो. साधा पातेदार फ्यूज उडतो खरा, पण त्यात ठिणगीची कमान टिकून राहू शकते. तिथे क्लास टी प्रकारचा फ्यूज घ्या. महाग आहे, आणि इथे पैसे वाचवू नयेत असं आमचं स्पष्ट मत आहे. त्याच्या पुढे हाताने फिरवायचा बॅटरी आयसोलेटर, म्हणजे बॅटरी पूर्ण तोडणारा स्विच, बसवा, झोपण्याच्या जागेवरून हात पोचेल असा.

मोठा इन्व्हर्टर पहिल्यांदा जोडताना शेवटच्या टर्मिनलला ‘फट्’ करून ठिणगी पडते. आतले कपॅसिटर एकदम भरतात म्हणून. ते टाळायला १२ व्होल्टचा २१ वॅटचा ब्रेकलाइटचा बल्ब काही सेकंद मध्ये जोडून कपॅसिटर हळूहळू भरून घ्या, मग केबल आवळा. पाणी घालायच्या बॅटरीजवळ हे काम करण्याआधी बॅटरीच्या कप्प्याचं झाकण उघडून हायड्रोजन निघून जाऊ द्या. हवेत चार टक्के हायड्रोजनसुद्धा पेटायला पुरतो.

सिगारेट लायटरच्या सॉकेटवरचे इन्व्हर्टर

‘१५० वॅट’, ‘२०० वॅट’ असं लिहिलेला आणि लायटर सॉकेटमध्ये खोचायचा इन्व्हर्टर असेल तर बराचसा प्रश्न सॉकेटचाच. त्याच्यामागे गाडीचा १० किंवा १५ अँपिअरचा फ्यूज आणि बारीक वायर असते. १० अँपिअरला सरळ हिशेबाने १०० वॅट. पिन नुसत्या स्प्रिंगने टेकलेली असते. थोडा वेळ चालवून प्लग काढा आणि मधल्या पिनेला लगेच हात न लावता आसपासचं प्लास्टिक बघा. ते मऊ किंवा तपकिरी झालं असेल तर तो सॉकेट त्या कामाचा नाही. त्यावर लॅपटॉप, कॅमेऱ्याचा चार्जर एवढंच चालवा. गाडीच्या फ्यूज बॉक्समध्ये १५ च्या जागी ३० घालून मिक्सर चालवणाऱ्याच्या डॅशबोर्डमागची वायर हीच नवा फ्यूज बनते.

लॅपटॉपला खरं तर इन्व्हर्टर लागतच नाही. टाइप-सीवर चार्ज होणाऱ्या लॅपटॉपला ६५ किंवा १०० वॅटचा चांगला १२ व्होल्टचा कार चार्जर घ्या. १२ चे २३० करायचे आणि २३० चे पुन्हा २० करायचे, या फेऱ्यात दोनदा वीज वाया जाते. फ्रिजही १२ व्होल्टच्या कॉम्प्रेसरचाच घ्यावा.

इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर व्होल्टेज ठीक आहे, तरी बंद पडतो

तिसरं माप लोडवरही ११.५ च्या वर राहिलं आणि तरी इन्व्हर्टर बंद पडला, तर बंद पडण्याची रीत पाहा.

लोड लावताक्षणी, टीं-टीं न होता, ओव्हरलोडचा दिवा लागून बंद: सुरुवातीचा झटका पेलला नाही. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेले १००० वॅट अनेकदा क्षणभराचे असतात, सतत चालण्याचे ५०० बारीक अक्षरात. मिक्सरची मोटर सुरू होताना आपल्या वॅटच्या कितीतरी पट ओढते, फ्रिजचा कॉम्प्रेसरही. मिक्सरचं बटण आधी पहिल्या स्पीडवर, भांडं अर्धं भरून, वाटणात पाणी घालून. तरी झेपत नसेल तर इन्व्हर्टर लहान आहे.

इंडक्शन शेगडीचं एक वेगळं दुखणं. ‘मी तर ३०० वर ठेवली होती’ असं लोक म्हणतात. पुष्कळ शेगड्या कमी सेटिंगवर ३०० वॅट घेत नाहीत. त्या काही सेकंद हजाराच्या आसपास घेतात, काही सेकंद बंद राहतात, सरासरी ३०० काढतात. इन्व्हर्टरला सरासरीशी देणंघेणं नाही. लहान इन्व्हर्टरवर इंडक्शन, किटली, रॉड, हेअर ड्रायर नको.

दहा-वीस मिनिटं नीट चालून बंद, आणि थंड झाल्यावर पुन्हा सुरू: उष्णता. ६०० वॅट देणारा इन्व्हर्टर ६० ते ९० वॅट स्वतः उष्णता म्हणून सोडतो. तो पलंगाखालच्या पेटीत, गोधड्यांच्या शेजारी कोंबलेला असेल तर ती जाणार कुठे? चारी बाजूंनी किमान १० सेंटिमीटर मोकळी जागा, पंख्याच्या तोंडासमोर जाळी, आणि पेटीला खाली-वर अशा दोन झरोक्यांची सोय हवी. मे महिन्यात उन्हात बंद उभ्या गाडीत तापमान ५०-६० अंशांवर सहज जातं, आणि बरेच इन्व्हर्टर ४० अंशांपुढे पूर्ण वॅट देत नाहीत. विदर्भात दुपारी गाडीत शिरल्या शिरल्या मिक्सर लावून इन्व्हर्टरला नावं ठेवू नयेत. पाणी घालायच्या बॅटरीच्याच कप्प्यात मात्र तो ठेवू नका. आम्लाची वाफ इन्व्हर्टरचा पीसीबी (सर्किट बोर्ड) खाते आणि रिलेची ठिणगी हायड्रोजनला पुरते.

एकदम सगळं गेलं, इन्व्हर्टरचा दिवासुद्धा विझला: लिथियम बॅटरीच्या बीएमएसने तोडलं किंवा फ्यूज उडाला. १०० अँपिअरचा बीएमएस असलेल्या बॅटरीवर १००० वॅटचा इन्व्हर्टर पूर्ण लोडने चालवला तर तो काठावरच असतो.

इंजिन सुरू करताना बंद पडला: हे अपेक्षित आहे. स्टार्टर फिरताना व्होल्टेज नऊ-दहापर्यंत खाली येतो. इन्व्हर्टर आधी बंद करून मगच चावी फिरवा.

बॅटरीवरच घट दिसली तर

दुसऱ्या मापात, म्हणजे थेट खांबांवर, ५० अँपिअरला व्होल्टेज ११.५ च्या खाली गेला तर बॅटरीकडे वळा. गाडीची स्टार्टिंगची बॅटरी या कामासाठी नसतेच. तिच्या पातळ प्लेटा क्षणभर मोठा करंट द्यायला असतात, तासन्‌तास रिकामी व्हायला नाही, आणि सकाळी इंजिन उठलं नाही तर ताम्हिणी घाटात धक्का मारायला माणसं मिळत नाहीत. वेगळी डीप सायकल बॅटरी, म्हणजे बराच वेळ रिकामी करता येईल अशी, ठेवा.

शिशाच्या बॅटरीवरचे १०० अँपिअर-तास बहुधा २० तासांच्या हिशेबाने असतात, म्हणजे ५ अँपिअरने २० तास. ५० अँपिअर ओढले तर दोन तास मिळत नाहीत, बरेच कमी मिळतात. शिवाय ती अर्ध्याखाली उतरवली की आयुष्य घटतं. त्यामुळे १०० अँपिअर-तासाच्या बॅटरीतून २३० व्होल्टवर हाताशी येते ती हलक्या लोडला सुमारे ५०० वॅट-तास: ६० वॅटचा लॅपटॉप आठ तास. घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी काही जण गाडीत ठेवतात. ती जड असते, घाटात आम्ल हिंदकळतं आणि चार्जिंगला वास येतो. राहत्या जागेत ती नको.

बॅटरी चांगली असून कधीच पूर्ण भरत नसेल तर चार्जिंग बघा. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम लागू झाल्यानंतरच्या अनेक गाड्यांत इंधन वाचवण्यासाठी ऑल्टरनेटरचा (इंजिनवर चालून बॅटरी भरणारा जनरेटर) व्होल्टेज खाली-वर केला जातो. जुन्या रिलेने जोडलेली दुसरी बॅटरी अशा गाडीत अर्धपोटी राहते. त्याला डीसी-टू-डीसी चार्जर लागतो, ऑल्टरनेटरचा व्होल्टेज बॅटरीला हवा तसा करून देणारा. आणि बॅटरी भरावी म्हणून बंद गाडीत झोपून इंजिन चालू ठेवायचं, हे कधीच नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. तसंही गाडी उभी असताना इंजिनच्या किमान वेगावर ऑल्टरनेटर फारसं देत नाही.

२३० व्होल्टच्या बाजूला

१२ व्होल्टची बाजू दुरुस्त झाली की मोठा लोड चालायला लागतो, म्हणून ही बाजूही त्याच दिवशी तपासा.

टेस्टर दोन्ही भोकांत पेटतो, म्हणून घाबरून काही जण एक टोक बॉडीला जोडून ‘न्यूट्रल’ बनवतात. लहान इन्व्हर्टरमध्ये दोन्ही टोकं बॉडीपासून अलग असतात आणि दोन्हींवर टेस्टर मंद पेटणं नेहमीचं आहे. पुस्तिकेत स्पष्ट सांगितलं नसेल तर जोडू नका. काही मॉडेल त्याने जागेवर जळतात. अशा अलग पुरवठ्यावर आरसीसीबी (करंटची गळती होताच वीज तोडणारा स्विच) बसवूनही तो पहिल्या दोषाला उडत नाही, कारण करंटला परतीची वाट नसते. त्याचं टेस्ट बटण मात्र नीट काम करतं आणि खोटा दिलासा देतं. न्यूट्रल बॉडीला जोडायची परवानगी देणारं मॉडेल असेल तरच आरसीसीबी खरा उपयोगी, आणि ते काम जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. इन्व्हर्टरच्या धातूच्या खोक्याचा अर्थ स्क्रू गाडीच्या चॅसीला जाड वायरने जोडा. बारीक वायर नको: पॉझिटिव्ह केबल खोक्याला टेकली तर बॅटरीचा फ्यूज उडण्याआधी ती वायरच पेटेल.

इन्व्हर्टरचं आउटपुट दोन्ही बाजूंना पिन असलेल्या वायरने गाडीच्या भिंतीतल्या सॉकेटमध्ये खोचू नका. बाहेरची लाइन जोडली की इन्व्हर्टर जातो, आणि सुटी पिन हातात आली तर माणूस. मध्ये दोन पोलचा चेंजओव्हर स्विच हवा, एका वेळी एकच पुरवठा देणारा. त्यात बॅटरी चार्जर इन्व्हर्टरच्या बाजूला राहिला नाही ना हे पाहा. राहिला असेल तर बॅटरी इन्व्हर्टर चालवते, इन्व्हर्टर चार्जर, चार्जर तीच बॅटरी, आणि सकाळपर्यंत सगळं उष्णतेत संपतं.

आउटपुट मीटरवर १८०-१९० व्होल्ट दिसला म्हणून इन्व्हर्टर खराब ठरवू नका. स्वस्त इन्व्हर्टर देतात त्या मॉडिफाइड साइन वेव्हवर, म्हणजे घरच्या विजेसारख्या गुळगुळीत नसलेल्या पायऱ्यांच्या लहरीवर, साधा मीटर कमी दाखवतो; अशी लहरही बरोबर मोजणारा ट्रू आरएमएस मीटर घ्या. त्या वेव्हवर डासांची रॅकेट, चार्जिंगची स्वस्त टॉर्च यांचे बिनट्रान्सफॉर्मरचे चार्जर जळतात, पंखा गुणगुणतो आणि मोटर जास्त तापते. झोपेत लावायचं श्वासाचं यंत्र असेल तर प्युअर साइन वेव्ह किंवा त्या यंत्राचा कंपनीचा १२ व्होल्टचा ॲडॅप्टर.

रात्री लोड नसला तरी इन्व्हर्टर चालू ठेवला तर तो अर्धा ते एक अँपिअर घेत राहतो, दहा तासांत पाच-दहा अँपिअर-तास. रिमोट स्विच बसवून तो झोपताना बंद करा.

सगळं बसवून झाल्यावर पाचही मापं पुन्हा घ्या, पूर्ण लोड पंधरा मिनिटं ठेवा, मग लोड बंद करून प्रत्येक लगला आणि फ्यूज होल्डरला हाताची पाठ लावून बघा. कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर तो जॉइंट पुन्हा करा. पहिल्या हजार किलोमीटरनंतर, विशेषतः खराब रस्त्यावरून आल्यावर, सगळे नट एकदा पाना लावून तपासा. आणि कधी पॉझिटिव्ह-निगेटिव्ह उलटे जोडले गेले असतील, किंवा ट्रक-बसच्या २४ व्होल्टवर हा १२ चा इन्व्हर्टर लागला असेल, तर आतले फ्यूज बदलून तो जिवंत झाल्यासारखा वाटला तरी परत वापरू नका. आतले मॉस्फेट (करंट चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर) अर्धवट जळून पुढच्या लोडला शॉर्ट होतात. तो बदलून टाका.